संदेश पोहोचला, औषधाचे काय?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कान्हे मागे टाकून कामशेतला थांबते. मावळ तालुक्यातील हे बाजाराचे गाव. जुना मुंबई-पुणे रस्ता गावातून जातो. एका अंगाने नाणे मावळचे खोरे आत शिरते आणि दुसऱ्या अंगाने बेडशाच्या लेण्यांवरून रस्ता पवन मावळात उतरतो. नकाशावर पाहिले तर आरोग्यसेवेच्या बाबतीत हा भाग नशीबवान म्हणावा लागेल. कामशेतात खासगी दवाखाने आहेत, लगतच्या खडकाळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र, पलीकडे कान्ह्याला सरकारी रुग्णालय आणि तळेगावला तर वैद्यकीय महाविद्यालयच आहे. पण नाणे मावळच्या टोकाला, कोंडेश्वराच्या देवळाकडच्या जांभवलीसारख्या गावी किंवा डोंगराच्या पोटाशी असलेल्या एखाद्या ठाकर-कातकरी वस्तीवर उभे राहिले की नकाशाचा अर्थ बदलतो. ही सारी सोय तेथून 'एका वाहनाच्या अंतरावर' असते, आणि वाहन कधी असते, कधी नसते.

अशा खोऱ्यांसाठीच दूरवैद्यक, म्हणजे टेलिमेडिसिन, हा तोडगा सांगितला जातो. डॉक्टर खोऱ्यात येत नसेल तर त्याचा सल्ला येऊ द्या, अशी ही कल्पना आहे. भारत सरकारने 'ई-संजीवनी' ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केली. ती घडवली मोहालीच्या सी-डॅकने (या संस्थेचे मूळ पुण्यातले, हे येथे जाता जाता सांगायला हरकत नाही). तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्ण उपकेंद्रात येतो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासतो आणि संगणकावरून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. दुसरा प्रकार एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत आला. त्यात रुग्ण घरूनच मोबाईलवर डॉक्टरशी बोलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्याचे पुष्कळ कौतुक झाले. या कौतुकाकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वैद्यकातला जो भाग माहितीच्या स्वरूपाचा आहे, तेवढाच लहरींवरून प्रवास करू शकतो. उरलेला भाग वस्तूंचा आणि माणसांचा आहे आणि तो रस्त्यानेच यावा लागतो. आपण मात्र यश मोजताना पहिल्याच भागाची मोजणी करतो.

माहितीचा भाग लहान नाही. त्याचा इतिहासही वाटतो त्यापेक्षा जुना आहे. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाचे विद्युतस्पंदन टिपणारे यंत्र बनवले होते. ते इतके अवजड होते की ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि रुग्णाला प्रयोगशाळेत आणणे धोक्याचे. तेव्हा १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेने रुग्णाच्या हृदयाचा आलेख प्रयोगशाळेत आणला. याच यंत्राच्या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तारेतून जे गेले ते हृदय नव्हते, विद्युतदाबातील बदल होता. मुळात विद्युत स्वरूपाची असलेली खूण तारेने गेली, म्हणून वाटेत तिचे फारसे नुकसान झाले नाही.

आता दुसरी खूण घेऊ. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एका विद्यार्थ्याने मोबाईल छातीला टेकवून दुसऱ्या खोलीतील मित्राला फोन लावावा. मित्राला हृदयाचे ठोके ऐकू येतात का? बहुधा कपड्याची खसखस ऐकू येते, ठोके नाहीत. हृदयाच्या ध्वनीतील बहुतांश ऊर्जा दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली असते. दूरध्वनी मात्र बोलणे समजावे एवढ्यासाठीच घडवलेला आहे. जुन्या दूरध्वनीत ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाऊ दिला जाई. आजचे फोन अधिक खालचे सूर घेऊ शकतात, पण त्यांतील गोंगाट कमी करणारी आज्ञावली माणसाचे बोलणे ठेवते आणि बाकीचे आवाज नको म्हणून काढून टाकते. डॉक्टरला जे हवे असते नेमके तेच गाळले जाते. विद्युत स्टेथोस्कोप वापरून ही अडचण दूर करता येते. पण मग तो स्टेथोस्कोप उपकेंद्रात हवा, चार्ज केलेला हवा आणि छातीवर कोठे टेकवायचा हे जाणणारा माणूस हवा.

रंगाचेही असेच. रक्तक्षय ओळखण्यासाठी डॉक्टर पापणी खाली ओढून आतला रंग पाहतात. मोबाईलचा कॅमेरा प्रकाशाच्या छटेनुसार रंग आपणहून 'दुरुस्त' करतो. ट्यूबलाइटखाली, पत्र्याच्या निळसर छताखाली आणि उघड्यावर घेतलेल्या एकाच पापणीच्या तीन चित्रांत तीन रंग दिसू शकतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आढळले. इतक्या सर्रास आढळणाऱ्या विकारासाठी पडद्यावरच्या रंगावर भिस्त ठेवण्यापेक्षा बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजणे आणि तो आकडा फोनवर सांगणे अधिक शास्त्रीय आहे. आकडा वाटेत फिका पडत नाही.

माहिती आणि वस्तू यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो सर्पदंशात. भातलावणीच्या दिवसांत मावळात बायामाणसे तासन्तास चिखलात वाकलेली असतात, आणि बांधावर, गवतात, पेंढ्याच्या गंजीत सापही असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले.

समजा, नाणे मावळातील एका स्त्रीला साप चावला आहे आणि तिला उपकेंद्रात आणले आहे. दूरवैद्यकाचा येथे उपयोग काय? पुष्कळ आहे. सापाचे चित्र मिळाले तर जाणकार ते पाहून सांगू शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. सह्याद्रीतल्या चापड्यावर ती चालत नाही. पापण्या जड होऊन मिटत आहेत का, गिळायला त्रास होतो आहे का, हे पडद्यावर दिसते. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्याची परीक्षा अगदी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. 'गोठले' किंवा 'गोठले नाही' हे उत्तर सांगायला चलच्चित्रही लागत नाही, साधा फोन पुरतो.

पण त्यानंतर काय? प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच लागतात. त्या सलाईनमधून शिरेत द्याव्या लागतात. ती लस घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते. त्यामुळे काही रुग्णांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते आणि त्यासाठी अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी भरून ठेवावे लागते. मण्यार चावलेली असेल तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत कोणीतरी हाताने फुगा दाबून श्वास देत राहावे लागते. कुपी, सुई, सलाईन, फुगा, तो दाबणारे हात आणि दारात उभी असलेली गाडी. यांतले काहीही फोनवरून पाठवता येत नाही. प्रकाशाच्या वेगाने आलेला सल्ला येथे जीपच्या वेगासाठी थांबून राहतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. तरीही खोऱ्याच्या टोकाशी ती किती मिनिटांत येते, हा प्रश्न संगणकाचा नाही, रस्त्याचा आणि गाड्यांच्या संख्येचा आहे.

आता १० कोटींच्या आकड्याकडे वळू. गणिताच्या शिक्षकांना हा आकडा वर्गात न्यायला उत्तम आहे, कारण छेद विसरल्यावर काय होते ते त्यात दिसते. यांपैकी ३ कोटींहून अधिक सल्ले एकट्या आंध्र प्रदेशात दिले गेले. महाराष्ट्रात ५० लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आजच्या आंध्र प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ५ कोटी आणि महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख. म्हणजे आंध्रात शंभर माणसांमागे साठ सल्ले आणि महाराष्ट्रात साडेचारसुद्धा नाहीत. तेरापटीहून अधिक फरक झाला. आंध्रातील माणसे महाराष्ट्रातल्यांपेक्षा तेरापट आजारी आहेत काय? अर्थातच नाही. मग हा आकडा रोगाचे माप नाही आणि आरोग्याचेही नाही. यंत्रणेने किती जोर लावला, याचे ते माप आहे. महाराष्ट्राने मागे पडल्याची खंत करावी की नाही, हेसुद्धा त्यावरून ठरत नाही. जेथे समोर बसलेला डॉक्टर मिळतो तेथे फोन कमी होणे हे चांगलेच लक्षण असू शकते. महाराष्ट्रात तसे आहे असा माझा दावा नाही. आकड्यावरून दोन्ही अर्थ निघतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

एक सल्ला म्हणजे नक्की काय घडले? डॉक्टरने लिहून दिलेली गोळी उपकेंद्रात होती का? 'कान्ह्याला जा' असे सांगितलेला रुग्ण कान्ह्याला गेला का? आठ दिवसांनी त्याचा ताप उतरला का? एकच रुग्ण तीनदा बोलला तर ते तीन सल्ले होतात. तो पहिल्याच भेटीत बरा झाला तर एकच. म्हणजे या हिशेबात न बरा होणारा रुग्ण अधिक गुण मिळवून देतो! शाळेत हजेरीपटावरून अभ्यास मोजायचा प्रयत्न ज्यांनी पाहिला आहे, त्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फोनची नोंद आणि शरीरातील वस्तुस्थिती यांची सांगड घालून पाहण्याचे एक चांगले उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि त्याविषयी शिक्षकांना माहीत असायला हवे. क्षयरोगाच्या गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. रुग्णाने त्या घेतल्या की नाही हे कळण्यासाठी '९९ डॉट्स' नावाची युक्ती निघाली. गोळी पाकिटातून काढली की तिच्यामागे लपलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा. कोणत्या दिवशी कोणता क्रमांक निघेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे गोळी काढल्याशिवाय कॉल देता येत नाही. युक्ती स्वस्त आहे आणि हुशारीचीही. पण गोळी काढणे म्हणजे गिळणे नव्हे. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथील सुमारे ६०० रुग्णांच्या घरी संशोधक पूर्वसूचना न देता गेले आणि त्यांनी लघवीत आयसोनियाझिड हे औषध उतरले आहे का ते तपासले. त्याची तुलना फोनच्या नोंदीशी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दोन्हींचा मेळ समाधानकारक नव्हता. औषध घेतलेल्या कित्येकांनी कॉल दिला नव्हता, आणि कॉल नोंदलेल्या काहींच्या लघवीत औषध नव्हते.

मला या अभ्यासातला निष्कर्ष महत्त्वाचा वाटतोच, पण त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती त्याची रीत. एका मापनाची परीक्षा दुसऱ्या, त्याच्यावर अवलंबून नसलेल्या मापनाने केली गेली. प्रयोगशाळेत तापमापक आणला की आपण तो वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो का ते पाहतो. आरोग्याच्या संगणकीय योजनांना असे बर्फात धरण्याची पद्धत आपल्याकडे अपवादानेच दिसते. कौतुकाचे आकडे योजनेच्या आतूनच येतात आणि योजनेचीच साक्ष देतात.

हा फोन कोणाचा, हाही प्रश्न आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या (पुरुष ५७ टक्के). घरच्या घरी मिळणारा सल्ला म्हणजे पुष्कळ घरांत नवऱ्याच्या फोनवरून मिळणारा सल्ला. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, औषधांची यादी त्याच्या फोनवर येते. अंगावरून जाण्याची तक्रार किंवा घरात झालेली मारहाण त्या फोनवर सांगितली जाईल काय? उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या कानात ती सांगितली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि त्या आरोग्यसेविकेचे काय? संगणकीकरणाने तिचे काम हलके होईल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात माता-बालकांची नोंद एका ठिकाणी, क्षयरुग्णांची दुसऱ्या, लसीकरणाची तिसऱ्या, आणि वह्या होत्या तशाच राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आणि मंद होते, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्यावर पडत होता, आणि ज्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये माहिती भरायची तो इंग्रजीत होता. मुलाचे वजन मराठीत घेणाऱ्या बाईने ते इंग्रजीत नोंदवावे, ही अपेक्षा करणाऱ्याला तंत्रज्ञान कळते असे कसे म्हणावे? खोऱ्यात वस्तू आणि हात पोहोचवणारी जी माणसे आधीच थोडी आहेत, त्यांचेच तास माहितीकडे वळवले तर पारडे आणखी कलते.

या टीकेवरून दूरवैद्यक निरुपयोगी ठरते असे कोणी समजू नये. जेथे उपचारच मुख्यतः बोलण्याचा आहे तेथे ते फार कामाचे आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मानसिक आरोग्यसेवा हे त्याचे उदाहरण. मानसोपचारतज्ज्ञ खोऱ्यात येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा रात्री दोन वाजता बोलायला कोणी तरी असणे केव्हाही चांगले. रक्तदाबाच्या रुग्णाला दर महिन्याला कामशेतला यावे लागू नये, त्याचा दाब उपकेंद्रात मोजून गोळीचा डोस फोनवर ठरावा, हेही शहाणपणाचे आहे. अट एवढीच की गोळी उपकेंद्रात हवी. २५ मार्च २०२० रोजी निघालेल्या दूरवैद्यकाच्या नियमांतही कोणती औषधे फोनवर लिहून द्यावीत, कोणती मुळीच देऊ नयेत आणि रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असे केव्हा म्हणावे, हे डॉक्टरच्या विवेकावर सोपवून नीट सांगितले आहे. नियम करणाऱ्यांना मर्यादा कळल्या होत्या. जाहिरात करणाऱ्यांना त्या सांगाव्याशा वाटल्या नाहीत.

माहिती आणि वस्तू यांची जोडी जमली की काय होते, ते घाटाखाली महाडला दिसले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हृदयावर काय परिणाम होतो ते टिपले आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरली. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते, ते १ टक्क्याच्या आसपास आले. हे ज्ञान इतर डॉक्टरांपर्यंत लेखांतून, व्याख्यानांतून पोहोचले. संदेश लहान होता आणि त्यात सांगितलेली गोळी गावातल्या दुकानात मिळू शकत होती. तोच संदेश आज मोबाईलवर दोन सेकंदांत जाईल. गोळीची गरज तेवढीच राहील.

पुणे जिल्ह्यातच वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाची संशोधन संस्था २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघरी जाऊन वर्षानुवर्षे नोंद ठेवत आली आहे. म्हणजे छेद मोजण्याची विद्या परदेशातून आणायला नको. नाणे मावळातील चार-पाच गावे घेऊन वर्षभर पाहता येईल: किती माणसे आजारी पडली, त्यांतील कितींनी फोनवर सल्ला घेतला, कितींना सांगितलेले औषध त्याच दिवशी मिळाले, कितींना वाहन करून जावे लागले आणि त्यासाठी किती पैसे पडले. वरच्या वर्गातील मुले शिक्षकांच्या मदतीने यातला काही भाग, लोकांची नावे न लिहिता आणि आजाराच्या खासगी गोष्टी न विचारता, आपापल्या वस्तीपुरता करू शकतील. फक्त 'फोन कोठे लागतो' याचा नकाशा केला तरी भूगोल आणि भौतिकी दोन्ही शिकून होतात. डोंगराच्या कोणत्या बाजूला लहरींची सावली पडते ते त्यात दिसेल.

शेवटी एका यंत्राचा उल्लेख करतो, कारण त्याची फारशी जाहिरात होत नाही. लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. 'ई-विन' या योजनेत लसीच्या शीतपेटीत तापमापक बसवला आहे. तो सिमकार्डाच्या साहाय्याने तापमान सतत कळवतो आणि ते मर्यादेबाहेर गेले की संबंधित कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर इशारा येतो. येथे जे मोजायचे तेच मोजले जाते, आणि मोजलेले लगेच कामाला येते. मात्र इशारा मध्यरात्री आला तर त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस केंद्राच्या आवारातल्या निवासस्थानात राहतो, की पुण्याहून लोकलने ये-जा करतो, हे त्या यंत्रात नोंदलेले नसते.